ब्लाउज अल्टर करतात, गाडी चेंज करतात: एका इंग्रजी क्रियापदाबद्दल

आई सांगलीत घरीच ब्लाउज शिवायची. आता डोळ्यांमुळे नवीन शिवणं बंद केलंय पण अल्टरची कामं अजून येतात, लग्नसराईत तर पिशव्याच्या पिशव्या. मी भाषांतराचं काम करते, सुट्टीत गेले की मशीनशेजारी लॅपटॉप घेऊन बसते आणि येणाऱ्या बायकांचं बोलणं कानावर पडत राहतं. एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली, की एकही बाई "हा ब्लाउज बदलून द्या" म्हणत नाही. शाळेचं तोंड न बघितलेल्या समोरच्या आजीसुद्धा म्हणतात "एवढा अल्टर करून दे गं". कारण बदलून दे म्हटलं तर अर्थ होतो हा घे आणि दुसरा दे, आणि आजींना दुसरा नकोय, त्यांना हाच पाहिजे, फक्त दंडात सैल.

बास, अल्टर या शब्दाचा गाभा एवढाच आहे. वस्तू तीच राहते, तिची घडण वेगळी होते. पण इंग्रजी शिकताना आपण डिक्शनरीत बघतो, तिथे चेंजच्या पुढे 'बदलणे', अल्टरच्या पुढे 'बदलणे', मॉडिफायच्या पुढे पण 'बदलणे', मग वाटतं तिन्ही एकच, कुठलाही कुठेही टाका. तसं नाहीये, आणि तसं समजल्याने पुढे कसा घोळ होतो ते मी स्वतः अनुभवलंय, ते सांगतेच.

आधी आपल्या 'बदलणे'कडे बघूया, कारण गडबडीचं मूळ तिथे आहे. मराठीत हे एकच क्रियापद दोन वेगळी कामं करतं. "त्याने शर्ट बदलला" म्हणजे एक काढून दुसरा घातला. "पुण्याला गेल्यापासून तो बदलला" म्हणजे माणूस तोच, वागणं वेगळं. शब्द आलाय अरबीतून फारसीच्या वाटेने आणि त्याचा जुना अर्थ पहिलाच, एकाच्या जागी दुसरं. म्हणून तर अदलाबदल, म्हणून मोबदला, म्हणून सरकारी नोकरीतली बदली, आणि मुंबईच्या गिरण्यांमध्ये कायम कामगार आला नाही तर त्याच्या मागावर उभा राहायचा तो बदली कामगार. दुसरा अर्थही याच शब्दाने सांभाळला आणि आपल्याला बोलताना काही अडत नाही, कारण पुढच्या-मागच्या शब्दांवरून कळतं कुठला बदल ते.

इंग्रजीतलं चेंज बरंचसं आपल्या बदलणेसारखंच आहे, दोन्ही कामं करतं. चेंज द बल्ब म्हणजे जुना काढा नवा लावा. चेंज ट्रेन्स म्हणजे ही गाडी सोडून दुसरी धरा, दादरला उतरून वेस्टर्नवरून सेंट्रलला जातो तसं. शी हॅज चेंज्ड म्हणजे ती पूर्वीसारखी राहिली नाही. अल्टर मात्र पहिलं काम करतच नाही. अल्टर द बल्ब म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही बल्बची काच कापताय का काय. अल्टर ट्रेन्स म्हणजे डब्यांना वेल्डिंग. अदलाबदलीचा अर्थ अल्टरमध्ये नाहीच, एवढं एक पक्कं धरून ठेवलं तर निम्म्या चुका तिथेच संपतात.

आणि मजा अशी की अल्टरचं मूळ बघितलं तर तिथे 'दुसरा' हाच शब्द बसलाय. लॅटिनमध्ये अल्टर म्हणजे दोघांपैकी दुसरा. आपल्या मराठीत 'दुसरा' म्हणजे क्रमाने नंबर दोन, आणि 'दुसरा' म्हणजे हा नव्हे तो पण, लॅटिनमध्येही अगदी तसंच, अल्टरला हे दोन्ही अर्थ होते. त्यातला शेवटचा तुकडा 'टर' आहे ना, तो आपल्याकडच्या 'तर'चा भाऊ आहे, इतर, अधिकतर, उच्चतर मधला, म्हणजे दोनात तुलना करणारा प्रत्यय. इतर आणि अल्टर, दोघांचं शेपूट एकच! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की आईला हाका मारून सांगितलं होतं. मग उशिराच्या लॅटिनमध्ये त्याचं क्रियापद झालं, दुसऱ्यासारखं करणं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत उतरलं साधारण चौदाव्या शतकाच्या शेवटी. म्हणजे वस्तू दुसरी आणायची नाही, आहे तीच दुसरी वाटेल अशी करायची. फ्रेंचमध्ये याच क्रियापदाला पुढे बिघडवणं, खराब करणं असाही अर्थ चिकटलाय, इंग्रजीत ती छटा क्वचित दिसते पण कागदपत्रांच्या बाबतीत दिसते, त्याबद्दल पुढे.

आता ब्लाउजच. एकदा नीट बघा अल्टर करताना काय होतं. आई आधी ब्लाउज उलटा करते आणि बाजूच्या शिवणीत बोट घालून बघते की माया किती सोडलीय. माया म्हणजे शिवताना टिपेच्या बाहेर आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, शिवणकामातला हा शब्द मला फार आवडतो. चांगला टेलर दोन्ही बाजूंना बोटभर तरी माया ठेवतो, घाईत शिवणारा सगळी कापून टाकतो. माया असेल तर आई जुनी टीप ब्लेडने उसवते, एकेक टाका, कापडाला धक्का न लावता, मग खडूने नवीन रेघ मारते, अर्धा इंच बाहेर, बाहीपासून मुंढ्यातून खाली कमरेपर्यंत एकच सलग रेघ, कारण नुसती कंबर सैल केली आणि मुंढा तसाच ठेवला तर काखेत चुणी येते. मग त्या रेघेवर नवीन टीप. जुन्या टिपेची भोकं दिसतात थोडे दिवस, इस्त्रीने आणि धुण्याने जातात. माया नसेल तर आई स्पष्ट सांगते, "यात होणार नाही, बाजूला पट्टी जोडावी लागेल". कापड तेच, हुक तेच, गळा तोच, रंग तोच, फक्त शिवण कुठून जाते ते वेगळं. इंग्रजीतलं अल्टर मला कुठल्याच डिक्शनरीने एवढं स्वच्छ समजावलं नव्हतं. काय ठेवायचं ते आधी ठरलेलं असतं आणि मग काय हलवायचं ते ठरतं.

आता तो घोळ. काही वर्षांपूर्वी एका भाड्याच्या कराराचं मी इंग्रजीतून मराठी केलं होतं, अकरा महिन्यांचा नेहमीचा लिव्ह अँड लायसन्स, ठरलेली वाक्यं. त्यात एक कलम होतं की राहणाऱ्याने दारं, खिडक्या, भिंती अल्टर करू नयेत. मी लिहिलं, "दारे, खिडक्या व भिंती बदलू नयेत". मला त्यात काही खटकलं नाही. सहा-सात महिन्यांनी मालकांचा फोन, भाडेकरूने एसी बसवायला खिडकीची ग्रिल कापली आणि भिंतीला भोक पाडलं, आणि विचारलं तर म्हणतोय करारात खिडकी बदलू नका असं लिहिलंय, मी बदललेली नाही, तीच आहे, बघा. आणि त्याचं म्हणणं शब्दाला धरून बरोबर होतं! मराठीत खिडकी बदलणे म्हणजे ही काढून दुसरी बसवणे, कोणीही तसंच वाचेल. इंग्रजी मजकुरात नेमकं त्याने केलं तेच करायला मनाई होती आणि माझ्या मराठीत त्याला मोकळं रान मिळालं. दोघांनी समजुतीने मिटवलं पण मला दोन रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून मी असल्या जागी 'बदल' हा शब्द घालतच नाही. 'मूळ बांधणीत कोणताही फेरफार, तोडफोड किंवा वाढीव काम करू नये' असं लिहिते. लांब होतं, होऊ दे.

फेरफार हा आपला जवळ जाणारा शब्द आहे खरा. सातबारा माहीत असलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे, तलाठ्याकडे फेरफार नोंद घालतात, वारस लागले, जमीन विकली, बोजा चढला की. गट नंबर तोच, जमीन तिथेच, कागदावरचा हक्क तेवढा हलतो. इंग्रजी महसुली भाषेत त्याला अल्टरेशन न म्हणता म्युटेशन म्हणतात ही गोष्ट वेगळी, पण कल्पना शेजारचीच आहे. फक्त बोलताना फेरफारला जरा संशयाचा वास येतो, "हिशोबात फेरफार केला" म्हटलं की लगेच कोणीतरी गडबड केली असं वाटतं. अल्टरला तो वास सगळीकडे येत नाही, ब्लाउज अल्टर करण्यात काय संशय, पण चेकवर येतो.

चेकचं सांगते. आपल्याकडे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आहे १८८१ चा, चेक बाउन्सचा कायदा म्हणून लोक ओळखतात तोच. त्याच्या कलम ८७ मध्ये मटेरियल अल्टरेशन येतं. म्हणजे चेकच्या महत्त्वाच्या भागात, रक्कम, तारीख, नाव असल्या ठिकाणी संमतीशिवाय खाडाखोड केली तर ज्याची संमती नव्हती त्याच्यावर तो चेक बंधनकारक राहत नाही. आता बघा इथे अल्टरच का म्हटलंय. चेक दुसरा आणलेला नाही, नंबर तोच, सही खरी, कागद तोच, आणि तरी तो आता तो चेक राहिला नाही. खोटा चेक छापला असता तर गोष्ट वेगळी होती. खऱ्या कागदाच्या अंगात घुसून केलेला बदल, तो अल्टरेशन. आणि हल्ली चेकची इमेज स्कॅन होऊन क्लिअर होतात त्या सीटीएस पद्धतीत तर रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की चेकवर दुरुस्ती चालणार नाही, तारखेची मुदत वाढवण्यापुरती सूट सोडून. पूर्वी खाडाखोड करून बाजूला सही केली की चालायचं, तो काळ गेला, नवीन चेक लिहा.

गाड्यांच्या बाबतीत पोरं नेहमी म्हणतात बाइक मॉडिफाय केली, मॉडिफाइड सायलेन्सर, मॉडिफाइड अमुक. पण कायदा उघडून बघा, मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२, मथळा आहे अल्टरेशन इन मोटर व्हेइकल. आणि त्याच कलमात अल्टरेशन म्हणजे काय ते पण सांगितलंय, गाडीच्या रचनेतला असा बदल की ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. नंबर प्लेट तीच राहते, पण आरसी बुकावर लिहिलेली गाडी आणि रस्त्यावर उभी गाडी जुळत नाही, भांडण तिथे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक अल्टरेशनला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे स्टिकर लावला तर अल्टर नाही, चासी कापली तर अल्टर. सीट कव्हर टाकलं तर नाही. इथे शब्दाचा दुसरा अर्धा भाग दिसतो बघा, अल्टर वरवरच्या रंगरंगोटीला फारसं म्हणत नाहीत, तो बांधणीला हात घालतो.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्याचं आहे, हे मी कोणाला सांगितलं की लोक थांबून ऐकतात. राज्यघटनेचं कलम ३. संसदेला नवीन राज्य फॉर्म करता येतं, म्हणजे निर्माण करता येतं, आणि असलेल्या राज्याच्या सीमा अल्टर करता येतात, नाव अल्टर करता येतं. दोन वेगळी क्रियापदं मुद्दाम वापरलीत. मद्रासचं तमिळनाडू झालं १९६९ मध्ये, म्हैसूरचं कर्नाटक १९७३ मध्ये, उत्तरांचलचं उत्तराखंड २००७ मध्ये, ओरिसाचं ओडिशा २०११ मध्ये, या प्रत्येकाच्या कायद्याच्या नावात अल्टरेशन ऑफ नेम असंच लिहिलंय. राज्य तेच, विधानसभा तीच, चालू कायदे तेच, फक्त नाव. मग महाराष्ट्र? १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात गुजरात हे नवीन राज्य म्हणून तयार केलं आणि मुंबई राज्याचा जो भाग उरला त्याला महाराष्ट्र म्हणायचं ठरलं. म्हणजे आपण १ मे ला महाराष्ट्राचा जन्मदिवस साजरा करतो, तो करायलाच हवा, १०६ हुतात्म्यांची किंमत देऊन मिळालेलं राज्य आहे, पण कायद्याच्या नजरेतून फॉर्म झाला तो गुजरात, आणि महाराष्ट्र म्हणजे सीमा आणि नाव अल्टर झालेलं जुनंच मुंबई राज्य. दोन क्रियापदांतला फरक यापेक्षा मोठ्या नकाशावर कुठे दिसणार?

जहाजावर काम करणारा कोणी घरात असेल, रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरटी कोणीतरी असतोच, त्याला विचारा अल्टर कोर्स म्हणजे काय. समुद्रावर टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत १९७२ चे, सगळ्या देशांची जहाजं तेच पाळतात. इंजिनवर चालणारी दोन जहाजं समोरासमोर आली आणि टक्करीचा धोका दिसला तर दोघांनीही आपला कोर्स उजवीकडे अल्टर करायचा, म्हणजे दोघं एकमेकांच्या डाव्या अंगाने सुटतात. आणि नजरेच्या टप्प्यात असताना भोंग्याने कळवायचं, एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन छोटे म्हणजे डावीकडे, तीन छोटे म्हणजे माझं इंजिन मागे ओढतंय. जायचं बंदर बदललं नाही, प्रवास तोच, फक्त नाकाची दिशा काही अंशांनी हलली. बंदरच दुसरं ठरलं तर चेंज ऑफ डेस्टिनेशन म्हणतात. बातम्यांतही "सरकारने कोर्स अल्टर केला" असं इंग्रजीत येतं तेव्हा ध्येय सोडलं असा अर्थ काढू नका, वाट जरा वळवली.

आता कॉम्प्युटर शिकणाऱ्यांसाठी. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेत, अल्टर आणि अपडेट यांत पोरं हमखास अडकतात, क्लासमध्ये पाठ करतात आणि मुलाखतीत विसरतात. अहो साधं आहे. समजा क्लासची फी लिहायची वही आहे, रकाने आखलेले, नाव, बॅच, फी. सुजाताची फी चुकून ५,००० पडलीय ती ५,५०० करायची, हे अपडेट. आतली माहिती बदलली, रकाने तसेच. आता वहीत मोबाइल नंबरचा नवीन रकानाच आखायचाय, किंवा फीच्या रकान्यात पैसेसुद्धा लिहिता यावेत म्हणून तो रुंद करायचाय, हे अल्टर टेबल. पट्टी-पेन्सिल घेऊन वहीची आखणी हलवली. वही फाडून टाकायची तर ड्रॉप. पुन्हा तेच, बांधणीला हात घातला की अल्टर. आणि मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तर अल्टर टेबलच्या पोटातच मॉडिफाय आणि चेंज दोन्ही येतात, मॉडिफाय म्हटलं की रकान्याचं नाव तेच ठेवून फक्त प्रकार बदलतो, चेंज म्हटलं की रकान्याचं नाव पण बदलता येतं. तिन्ही क्रियापदं एकाच कमांडमध्ये आणि प्रत्येकाला स्वतःचं काम! एक काळजीचं सांगते, मायएसक्यूएलमध्ये अल्टर टेबल चालवलं की ते लगेच पक्कं होतं, रोलबॅक करून मागे येता येत नाही, तेव्हा चालू डेटाबेसवर बॅकअप न घेता हात घालू नका. उसवलेली टीप परत घालता येते, कापलेली माया परत येत नाही, तसंच.

हॉस्पिटलमध्ये हा शब्द भेटला की मात्र काळजात धस्स होतं. मागच्या वर्षी आमच्या काकांना रात्री ॲडमिट केलं, दोन दिवस उलट्या झाल्या होत्या, घरच्यांना ओळखत होते पण वार विचारला तर सांगता येईना, मध्येच झोपेत जायचे, मध्येच भलतंच बोलायचे. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं, अल्टर्ड सेन्सोरियम. काकूने तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं "म्हणजे गं काय, डोक्यावर परिणाम झालाय का?" मी तिला सांगितलं की काकू, याचा अर्थ भान नेहमीसारखं नाही एवढाच, कशामुळे ते अजून लिहिलेलं नाही, ते शोधायला रक्त घेतलंय. सकाळी रिपोर्ट आला, सोडियम खूप खाली गेलं होतं. १३५ ते १४५ मध्ये असायला लागतं ते. सलाइनमधून हळूहळू वर आणलं, कारण घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते म्हणे, आणि तिसऱ्या दिवशी काका चहाला साखर कमी आहे म्हणून कुरकुरले, काकू रडायलाच लागली. हा शब्द डॉक्टर रोज लिहितात, आजाराचं नाव नाही ते, फक्त अवस्थेचं वर्णन आहे, माणूस तोच पण शुद्ध नेहमीची नाही. केसपेपर वाचणाऱ्या नातेवाइकांना एवढं जरी कोणी मराठीत सांगितलं तर रात्र थोडी सोपी जाते हो.

शेजारच्या शब्दांचं थोडक्यात. मॉडिफाय म्हणजे थोडंसं, हिशोबात राहून बदलणं, त्याच्या मुळात लॅटिनचं माप आहे. ॲडजस्ट म्हणजे बसवून घेणं, आरसा ॲडजस्ट करतात, घड्याळ करतात, लोकलमध्ये चौथ्या सीटवर माणसं स्वतःला करतात. अमेंड मध्ये चूक काढून चांगलं करण्याचा भाव आहे, म्हणून घटनेची ती घटनादुरुस्ती, आपल्या लोकांनी दुरुस्ती शब्द काय नेमका निवडलाय. कन्व्हर्ट म्हणजे एका जातीची वस्तू दुसऱ्या जातीची करणं, डॉलरचे रुपये, वर्डची पीडीएफ. या सगळ्यांत अल्टर थोडा गंभीर, थोडा औपचारिक. मित्राला मेसेज करताना प्लॅन चेंज झाला म्हणा, अल्टर झाला म्हटलं तर ऑफिसच्या पत्रासारखं वाटेल, चूक नाही पण कानाला जड.

वापरताना काही गोष्टी जीभेवर बसवाव्या लागतात. अल्टरचं भूतकाळी रूप अल्टर्ड, स्पेलिंगमध्ये आर डबल होत नाही कारण जोर पहिल्या अक्षरावर आहे. 'अमुकात बदल केले' म्हणायचं असेल तर मेक अल्टरेशन्स टू असं येतं, आपण मराठीतलं 'मध्ये' डोक्यात धरून इन म्हणतो. अमुकचं तमुक झालं यासाठी अल्टर इंटू म्हणत नाहीत, चेंज इंटू किंवा टर्न इंटू म्हणा, सुरवंटाचं फुलपाखरू होतं ते अल्टर नव्हे. मन बदललं हे चेंज्ड माय माइंड, इथे अल्टर चालतच नाही. कर्माशिवाय पण येतो तो, हिज फेस अल्टर्ड, म्हणजे त्याचा चेहराच पालटला. आणि वादात फार उपयोगी पडणारं एक वाक्य, दॅट डझन्ट अल्टर द फॅक्ट, म्हणजे तुम्ही काही म्हणा, त्याने खरं काय ते पालटत नाही. हे वाक्य अल्टरलाच शोभतं.

घराणं मोठं आहे याचं. अल्टरनेट, एक हा एक तो, एक हा एक तो, म्हणून डॉक्टर गोळी अल्टरनेट डे देतात आणि आपण एक दिवसाआड म्हणतो, नळाच्या पाण्यासारखं. घरातल्या विजेला अल्टरनेटिंग करंट म्हणतात कारण तो दिशा पालटत राहतो, आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदात १०० वेळा दिशा उलटते. अल्टरकेशन म्हणजे बाचाबाची, एक बोलला की दुसरा बोलतो, तोच दुसरा. अल्टर इगो म्हणजे दुसरा मी. आणि अडल्टरेशन, भेसळ, हा पण याच घरातला, दुधात पाणी घातलं की दूध दुसरंच काहीतरी झालं. मात्र अडल्ट म्हणजे प्रौढ, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ते वेगळ्या मुळाचं, दिसायला सारखं आहे म्हणून फसू नका.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक अर्थ मुद्दाम लक्षात ठेवावा. माझी मामेबहीण तिकडे मांजर दत्तक घ्यायला गेली तर फॉर्मवर प्रश्न, इज युवर पेट अल्टर्ड? तिला कळेना मांजरात काय अल्टर करणार, तिने नो लिहिलं आणि काउंटरवरची बाई चकित, कारण त्याच संस्थेने ऑपरेशन केलेलं होतं. तिकडे अल्टर्ड म्हणजे नसबंदी झालेला प्राणी. बऱ्याच शहरांत कुत्र्याच्या लायसन्सची फी अल्टर्ड असेल तर कमी आणि अनअल्टर्ड असेल तर जास्त असते. आपल्या इंग्रजीत हा अर्थ कानावर पडत नाही, म्हणून सांगितलं.

उच्चाराचं राहिलं. आपण अल्टर म्हणतो, कोणी आल्टर, दुकानाच्या पाट्यांवर अल्ट्रेशन पण दिसतं. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो ऑल्टरच्या जवळ जातो. आणि अगदी तसाच उच्चार आणखी एका शब्दाचा आहे, चर्चमधली वेदी, ती पण ऑल्टर. स्पेलिंगमध्ये फक्त शेवटच्या आरच्या आधी ई च्या जागी ए. गोव्यात जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये गेलात तर समोर सोनेरी नक्षीची उंचच्या उंच दिसते ती, पोर्तुगीजमध्येही स्पेलिंग तेच. त्याचं मूळ वेगळ्या लॅटिन शब्दात आहे, 'दुसरा'शी नातं नाही. ख्रिश्चन लग्नाच्या पत्रिकेचं काम आलं की मी ते एक अक्षर दोनदा तपासते. परवाच एका मजकुरात ई पडली होती, प्रूफमध्ये सापडली.